माहौल बरा नव्हता

सरांच्या जनाज्याला मी गेलो नाही. ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी एकच कारण सांगितलं, ‘माहौल बरा नव्हता.’ पुढं कुणी काही विचारलं नाही. जानेवारी २०२४चे ते दिवस. २२ तारखेला अयोध्येत सोहळा व्हायचा होता, चौकाचौकांत झेंडे लागले होते. अशा वेळी दाढीवाल्या माणसानं रात्रीच्या गाडीनं एकट्यानं निघू नये, हे सगळ्यांना न सांगता पटलं. मामूंनी तर फोनवर शाबासकी दिली, ‘अच्छा करा, नै निकल्या.’

घडलं होतं ते वेगळंच. सर गेल्याचा फोन रात्री नऊच्या सुमारास आला. दुसऱ्या दिवशी जुहरच्या नमाजनंतर दफन. मुंबईहून बिदरला जाणारी गाडी मध्यरात्रीनंतर पुण्यात येते आणि सकाळी उदगीरला सोडते. त्या रात्री ती होती. तिकीटखिडकीवर बोलावं लागू नये म्हणून मी मोबाइलवरच जनरलचं तिकीट काढलं, पिशवीत एक जोड कपडे कोंबले आणि स्टेशन गाठलं. गाडी आली. जनरलचा डबा नेमका माझ्यासमोर थांबला. दारात चार-पाच माणसं बसलेली होती. त्यातल्या एकानं गुडघे आवळून घेतले आणि म्हणाला, ‘या, या. होईल जागा.’

मी चढलो नाही. चढलो असतो तर त्या चार-पाच जणांना ओलांडावं लागलं असतं, आत उभे असलेल्यांनी माझ्याकडं पाहिलं असतं, पिशवी ठेवायला कुणाला तरी ‘जरा सरकता का’ म्हणावं लागलं असतं. कारण एवढंच. छाती धडधडत होती, तळहात भिजले होते. त्या माणसाला काहीतरी पुटपुटून मी फलाटावर पुढं चालत राहिलो, जणू दुसरा डबा शोधतोय. गाडी सुटली. घरी परतायचं तर रिक्षावाल्याशी बोलावं लागणार होतं, तेवढंही त्राण नव्हतं. पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिलो.

त्या डब्यात मला कुणी नाव विचारलं नव्हतं, धर्म विचारला नव्हता. उलट बसायला जागा करून दिली होती. आणि दुसऱ्या दिवशी मी तो डबाच्या डबा बदनाम करून टाकला.

हे लिहायला मला बराच वेळ लागला. लिहावं की नाही, हाही प्रश्न होता, कारण आपल्या भीतीकडं आधीच शंकेनं पाहणारी माणसं कमी नाहीत. त्यांच्या हाती आयतं कोलीत द्यायचं का? पण सरांचं देणं त्याहून मोठं आहे.

सर आम्हाला मराठी शिकवायचे, उर्दू शाळेत. आमच्या घरात दखनी, वर्गात उर्दू आणि बाजारात मराठी. बहुतेक पोरांच्या लेखी मराठी म्हणजे पास होण्यापुरता एक पेपर. दखनी जिभेला ‘ळ’ जमत नाही. आम्ही ‘शाला’ म्हणायचो, ‘केला’ खायचो. सर एकेकाला उभं करून काळा, कावळा, पिवळा, जांभूळ असं घोकून घ्यायचे. वर्ग हसायचा, उभा असलेला पोरगाही हसायचा. माझी पाळी आली की मी हसायचो नाही आणि बोलायचोही नाही. घसा बंद व्हायचा. दोनदा उभ्या उभ्या रडलो. त्यानंतर सरांनी मला कधी उभं केलं नाही. जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘तू लिहून आणत जा.’ मी लिहून नेलं की सर ते स्वतः मोठ्यानं वाचायचे, कुणाचं आहे ते न सांगता. मी मराठीत लिहायला लागलो तो असा, बोलता येत नव्हतं म्हणून.

आता वाटतं, सरांनी मला वाचवलं आणि थोडं बिघडवलंही. जे जमत नाही ते टाळायची एक सभ्य वाट मला तिथं सापडली, आणि पुढं पंचवीस वर्षं मी त्याच वाटेनं चाललो.

आमच्याकडं अशा मुलाला आजारी म्हणत नाहीत, शरीफ म्हणतात. ‘बड़ा शरीफ लड़का है, नजर उठाके नै देखता.’ लग्नाच्या बाजारात तर हे प्रमाणपत्रच. मी नजर उठवत नव्हतो कारण समोरचा माझ्याकडं बघत असेल या कल्पनेनंच माझं पोट ढवळायचं. त्यात शराफत काही नव्हती. हॉटेलात एकट्यानं शिरणं अशक्य. दाराशी थांबून आधी रिकामी टेबलं मोजायचो, कोपऱ्यातलं रिकामं नसेल तर पुढं चालू लागायचो. बँकेत समोर क्लार्क बघत असताना सही केली की ती हलायची, मग जुळायची नाही, मग दुसरी करावी लागायची आणि ती आणखी हलायची. न्हाव्याकडं आरशात स्वतःला आणि मागं बसलेल्या सगळ्यांना एकाच वेळी बघावं लागतं, म्हणून केस घरीच मशीननं कापायचो. काम मिळालं तेही सोयीचं, भाषांतराचं आणि मुद्रितं तपासायचं. घरी बसून करायचं, ईमेलनं पाठवायचं.

बाकी सगळीकडं धाकटा भाऊ बरोबर असायचा. डॉक्टरकडं, कपडे घ्यायला, गावी जायला. माझ्या वतीनं तोच बोलायचा. हॉटेलात माझी ऑर्डरही तोच द्यायचा, ‘भाई को चाय, कम शक्कर.’

एप्रिल २०२२मध्ये पंच्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला झालं. माझ्या गावात! रमजानचे दिवस होते, मी रोजांसाठी घरीच होतो. ज्यांची पुस्तकं वाचून वाढलो ती माणसं रिक्षानं दहा मिनिटांवर येऊन बसली होती. भावाला सुटी मिळाली नव्हती. तीन दिवस मी रोज दुपारी कपडे बदलायचो, अत्तर लावायचो आणि अस्रच्या अजानपर्यंत खुर्चीत बसून राहायचो. अम्मीला सांगितलं, रोजानं थकवा आलाय. रोज्याला कारण म्हणून वापरायचं पापही माझ्या नावावर आहे.

अम्मीविषयी थोडं सांगायला हवं. साठी उलटलेली, अब्बांना जाऊन बारा वर्षं झाली. बुरखा घालते, मराठी मोडकी, आणि ती सगळीकडं एकटी जाते. बिदर, हैदराबाद, सोलापूर, जिथं जिथं नातेवाईक आहेत तिथं. मार्च २०२३मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तिचा पाय घरात ठरत नाही. लातूरला डोळे दाखवायला जाते आणि येताना अहमदपूरला बहिणीकडं डोकावून येते, वाट वाकडी करून. कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालते, शेजारच्या बाईच्या सुनेपासून म्हशीपर्यंत सगळं विचारून घेते. माझ्याविषयी तिला एकच कोडं होतं, ‘लोगां क्या खा लेते क्या रे तेरेकू?’

२०१८ पासून पंचेचाळीसच्या वरच्या भारतीय बायकांना मेहरम पुरुष बरोबर नसताना, निदान चौघींचा गट करून हजला जाता येऊ लागलं. अम्मी २०२३ला मोहल्ल्यातल्या तिघींबरोबर निघाली. आमच्या गल्लीत या विषयावर महिनाभर चर्चा. बाईनं मेहरमशिवाय एवढा प्रवास करावा का? फलाणे मौलाना काय म्हणतात, दुसरे काय म्हणतात? दिवाणखान्यात चाचा, मामू, शेजारी बसलेले. मीही मान हलवत बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, या घरात मेहरमशिवाय बाहेर पडू न शकणारी व्यक्ती ती नाहीच, मी आहे. मुंबईच्या हज हाऊसमध्ये तिला सोडायला गेलो तर कागद घेऊन खिडक्यांवर तीच फिरत होती. मी भावाच्या मागं उभा.

बाईच्या एकटं बाहेर पडण्यावर बरंच लिहिलं गेलंय आणि ते लिहायलाच हवं होतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ २०११ साली आलं. काही काम नसताना शहरात नुसतं रेंगाळायचा हक्क त्यांनी मुंबईच्या बाईसाठी मागितला, आणि तो मागताना गरीब किंवा मुसलमान पुरुषाला धोका ठरवून हाकलू नका, असंही म्हटलं. ते वाचताना मला वाटलं होतं, ज्याला घरातून कुणी अडवलेलं नाही, उलट ‘जा बाबा कुठंतरी’ असं ढकललं जातंय, अशा पुरुषानं हे कुणाला सांगायचं? बाईला निदान दाराला कडी कुणी लावलीय ते दिसतं.

त्या वर्षाअखेरीस भावाची हैदराबादला बदली झाली. आणि महिन्याभरात सर गेले.

फेब्रुवारीत मी एका समुपदेशक बाईंना मेसेज केला. पहिल्या तीन भेटी फोनवर झाल्या, चौथीला त्या म्हणाल्या, आता इथं या. कर्वे रोडवर त्यांची खोली, दुसऱ्या मजल्यावर. त्या जिन्यावरून मी दोनदा खाली उतरलो, तिसऱ्यांदा बेल वाजवली.

त्यांनी जे सांगितलं त्यातलं बरंचसं आता सगळीकडं वाचायला मिळतं, पण मला ते नवं होतं. या आजाराला नाव आहे. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ‘सोशल फोबिया’ म्हणून त्याला स्वतंत्र जागा मिळाली, आता सोशल अँग्झायटी म्हणतात. अशा माणसाचं लक्ष समोरच्याकडं नसतंच, ते आत वळलेलं असतं. माझा आवाज थरथरतोय का, हात हलतोय का, मी कसा दिसतोय. आणि मग तो बचावाच्या युक्त्या करतो. हातात मोबाइल धरणं, कानात इअरफोन घालणं, ग्लास दोन्ही हातांनी उचलणं, बोलायचं वाक्य आधी मनात तीनदा म्हणून घेणं. या युक्त्यांचा तोटा असा की सगळं सुरळीत पार पडलं तरी श्रेय युक्तीला जातं. तिच्याशिवायही काही बिघडलं नसतं, हे कळायची वेळच येत नाही. माझ्या बाबतीत सगळ्यात मोठी युक्ती पाच फूट आठ इंच उंच होती आणि हैदराबादला गेली होती.

बाईंनी विचारलं, ‘माणसांत असूनही भीती वाटत नाही अशी एखादी जागा?’ मी विचार केला. जुम्याची नमाज. खांद्याला खांदा लागलेला असतो, दोन-तीनशे माणसं, पण सगळ्यांची तोंडं एकीकडं. सफेत उभं राहिलं की कुणी कुणाकडं बघत नाही. बघायला लागतात ते सलाम फेरताना, आणि तेवढ्यात मी चपला शोधायला निघालेला असतो. त्या हसल्या आणि त्यांनी पहिला अभ्यास तोच दिला. सलामनंतर पाच मिनिटं बसून राहायचं आणि उठताना एका माणसाला सलाम करायचा. दिसायला सोपं. मला तीन जुमे लागले.

त्यांनीच अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली. अंजली जोशींचं ‘मी, अल्बर्ट एलिस’ मराठीत आहे, म्हणून हे नाव आपल्याकडं बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. पुढं विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी करणारा हा माणूस एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला घाबरायचा. मग त्यानं ठरवून महिनाभर न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकट्या बसलेल्या शंभरेक अनोळखी बायकांशी बोलणं काढलं. काही उठून गेल्या, बऱ्याच जणी बोलल्या, एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती आली नाही. पण त्याची भीती गेली. मी बाईंना म्हणालो, ‘आमच्याकडच्या एखाद्या पोरानं हा प्रयोग केला तर तो पहिल्याच बाकावर संपेल, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येईल.’

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘हे तुम्ही आज पहिल्यांदा बोललात. सांगा.’

मग मी सांगितलं. २ जून २०१४ला हडपसरमध्ये एका सोलापूरच्या मुलाचा खून झाला. आयटीतला इंजिनिअर, फेसबुकवरच्या कुठल्याशा पोस्टवरून शहर पेटलं होतं, त्या पोस्टशी त्याचा काही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी पुरली. त्या वर्षी मीही पुण्यात नवा होतो. २०२३च्या ३१ जुलैला जयपूर-मुंबई गाडीत सुरक्षा दलाच्या शिपायानं आपल्या अधिकाऱ्याला आणि मग डब्याडब्यांतून फिरून तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्या. यानंतर तुम्ही मला सांगणार का, की लोक काय करतील ही माझी भीती अविवेकी आहे?

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘नाही सांगणार. ही भीती मला माहीत नाही. मी कधी नाव सांगताना थांबलेले नाही.’ त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे तो या वाक्यासाठी. सगळे सारखेच असतात, तुम्ही फार विचार करता, असलं काही त्या म्हणाल्या असत्या तर मी पुन्हा गेलो नसतो.

पण मग त्यांनी एक कागद दिला. मधोमध रेघ मारलेली. जिथं जिथं जायचं टाळता ते सगळं लिहा. माणसं बघतील या भीतीनं टाळलेलं डावीकडं, मुसलमान म्हणून काही होईल या भीतीनं टाळलेलं उजवीकडं. घाई करू नका, घरी जाऊन लिहा.

दोन दिवस तो कागद टेबलावर होता. हॉटेल: डावीकडं. बँक: डावीकडं. न्हावी? आमचा न्हावी मोमीनपुऱ्यातला, त्याचं नाव माझ्या चुलतभावाचंच आहे. डावीकडं. साहित्य संमेलन: मी ज्यांना घाबरलो ते कवी होते. डावीकडं. वलीमा, अकीका, खालाच्या मुलीची मंगनी: सगळी आपलीच माणसं, सगळं डावीकडं. जनाजा... इथं मी पेन खाली ठेवला. ‘या, या, होईल जागा’ म्हणणारा तो माणूस आठवला.

उजवीकडं शेवटी चार-पाच गोष्टी राहिल्या. मिरवणूक असताना त्या रस्त्यानं जाणं. भाड्यानं खोली शोधताना फोनवर नाव सांगणं. रात्रीची गाडी. तणावाच्या दिवसांत टोपी घालून बसमध्ये बसणं. या भीतीला मी आजही खोटं म्हणणार नाही. पण एवढ्या छोट्या उजव्या बाजूचा अंगरखा मी सगळ्या डाव्या बाजूला घातला होता. आजाराची लाज वाटते. माहौलची वाटत नाही. माहौल म्हटलं की चारचौघांत मान ताठ राहते. हडपसरचा तो मुलगा तर रोज कामाला जात होता, नमाजला जात होता, जेवायला बाहेर पडत होता. तो बाहेर पडणारा माणूस होता. मी त्याच्या मरणाचा दाखला देऊन घरात बसलो होतो.

हे कळल्यानं भीती गेली नाही, अर्थात. ती पायातून काढावी लागते, आणि ते फार कंटाळवाणं काम आहे. बाईंनी शिडी आखून दिली. सगळ्यात खालची पायरी, अमृततुल्यवर उभं राहून चहा प्यायचा, मोबाइल खिशात. पहिल्या दिवशी जीभ भाजली, कारण मी तो दोन घोटांत संपवला. मग तोच चहा दहा मिनिटं लावून प्यायचा. मग दुकानात जाऊन भाव विचारायचा आणि काही न घेता परत यायचं, हे सगळ्यात अवघड गेलं. माझ्या घरी दोन इस्त्र्या आहेत त्या यामुळंच. मग मुद्दाम चूक करायची: बसमध्ये चुकीचा स्टॉप विचारायचा, काउंटरवर पैसे मोजताना ‘थांबा, पुन्हा मोजतो’ म्हणायचं. प्रत्येक वेळी आधी लिहायचं, काय होईल असं वाटतं, आणि नंतर लिहायचं, काय झालं. दुसऱ्या रकान्यात माझ्या वहीत पानंच्या पानं एकच शब्द आहे: काही नाही.

थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञानं कॉर्नेल विद्यापीठात केलेला प्रयोग बाईंनी सांगितला होता, २०००चा. एका विद्यार्थ्याला लाज वाटावी असं गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवायचं. किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्याला वाटायचं, निम्म्यांच्या. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही जेमतेम. हे ऐकून मला बरं वाटण्याऐवजी थोडं वाईटच वाटलं होतं. इतकी वर्षं मी ज्यांच्यासाठी घाबरत होतो ते बघतच नव्हते?

जुलैत एका रविवारी मी डेक्कनच्या गुडलकला एकट्यानं गेलो. १९३५चं इराणी हॉटेल, गर्दीच्या वेळी अनोळखी माणसांच्या टेबलावर बसावं लागतं, म्हणूनच ते शिडीवर वर होतं. समोर एक आजोबा पेपर वाचत होते. मी बनमस्का आणि चहा मागवला. आवाज चिरका आला, वेटरनं ‘काय?’ म्हणून पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. बशीत चहा सांडला. आजोबांनी पेपर थोडा पलीकडं सरकवला, भिजू नये म्हणून, आणि वाचत राहिले. माझ्या आयुष्यातला एवढा मोठा प्रसंग आणि त्यांनी बातमीवरून नजरसुद्धा काढली नाही.

ऑगस्टच्या शेवटी जळगावच्या एका म्हाताऱ्याची बातमी आली. मुलीकडं कल्याणला निघाला होता. धुळे-मुंबई गाडीत, डब्यातल्या मांसावरून पोरांनी त्याला मारलं, व्हिडिओ काढला. मी वही मिटून ठेवली. तीन आठवडे कुठं गेलो नाही. या वेळी मात्र बाईंना खरं सांगितलं, की त्यातला पहिला आठवडा त्या म्हाताऱ्यासाठी होता आणि उरलेले दोन मला बरे पडले म्हणून.

डिसेंबरात मी उदगीरला गेलो. तीच गाडी, आरक्षण करून, खालचा बर्थ. पीएनआर भावाला पाठवला, पोहोचल्यावर फोन करायचं ठरलं. बाईंच्या मते ही बचावाची युक्ती नव्हे, साधी खबरदारी आहे. उजव्या बाजूला खबरदारी चालते. समोरच्या बर्थवर पन्नाशीचे गृहस्थ होते. कुठं निघालात, काय करता, असं चाललं. देवणी बैलांच्या किमतीवर ते बोलले, त्यांच्याकडं एक जोडी होती. मी ऐकत होतो, मध्ये विचारतही होतो. मग ते म्हणाले, ‘नाव काय म्हणालात आपलं?’

मी काहीच म्हणालो नव्हतो. पूर्वी अशा वेळी भाऊ स्वतःचं आणि माझंही कुठंही खपेल असं नाव सांगून मोकळा व्हायचा. मी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.

‘बरं,’ ते म्हणाले. चादर ओढली आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

आता हे काय होतं? नाव ऐकून पाठ फिरवली? की रात्रीचा एक वाजून गेला होता आणि माणसाला झोप आली होती? दौंड जाईपर्यंत मी तेच करत होतो. त्यांच्या ‘बरं’ची चाळणी. डावीकडचं की उजवीकडचं? मग लक्षात आलं, हे मला कधीच कळणार नाही. उठवून विचारता येत नाही. कधीतरी डोळा लागला. जाग आली तेव्हा लातूर रोड मागं पडलं होतं आणि समोरचा बर्थ रिकामा होता. घडी घातलेली चादर फक्त.

सरांची कबर ईदगाहच्या मागच्या कब्रस्तानात आहे. फातेहा पढलो. तिथून त्यांच्या घरी गेलो. दार चाचींनी उघडलं. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. चहा झाला. सरांच्या खोलीतली पुस्तकं कुणीतरी वाचनालयाला दिली होती, कपाट आता चादरी-उशांचं झालं होतं. मी जनाज्याला न आल्याबद्दल बोलायला लागलो. गाडी आली होती, मला चढता आलं नाही, माझी तब्येत अशी आहे, असं बरंच काही. चाचींनी मध्येच थांबवलं. ‘वो टाइम का माहौल ही वैसा था बेटा. मामू बोले थे तुम्हारे.’

‘माहौल नै था चाची,’ मी म्हणालो. ‘मैंच डरा था.’

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना यातलं कितपत पोहोचलं, ठाऊक नाही. मग म्हणाल्या, ‘अकेला आया क्या?’

‘हौ.’

‘भाई को कायकू नै लाया रे? वो रहा तो बातां तो करता.’

अम्मीला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. रात्री परतीच्या गाडीसाठी ती डबा भरत होती. तांब्याच्या पातेल्यात सकाळपासून गोश्त शिजत होतं. मी म्हणालो, ‘अम्मी, गोश्त नक्को. रेल में नक्को.’ तिनं वर पाहिलं. ‘लोगां क्या खा लेते...’ असं ती सुरू करणार असं वाटलं, पण तिनं ते वाक्य म्हटलं नाही. जळगावची बातमी तिनंही पाहिली होती. काही न बोलता तिनं कढई चढवली आणि बघारे बैंगन करायला घेतले.

लातूर गेल्यावर मी डबा उघडला. शेजारच्यांनी मान वळवून पाहिलं. मी जेवत राहिलो.